हवेची खळ

सर माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचा वास घ्यायचे. उघडपणे नव्हे. समोरचा बोलायला लागला की त्यांची मान किंचित तिरकी व्हायची, नाकपुड्या जराशा हलायच्या आणि मग प्रश्न यायचा, "काल काय जेवलात?" प्राचार्य असोत, प्रवेशासाठी आलेल्या मुलीचे वडील असोत, नाहीतर पाण्याची टाकी धुवायला आलेला माणूस असो, सरांचा प्रश्न चुकायचा नाही. मला तो पहिल्याच भेटीत, जरा वेगळ्या शब्दांत, आला, आणि तो कशासाठी आला हा संशय माझ्या मनातून पुढं कितीतरी दिवस गेला नाही.

त्याला कारण होतं. सोलापूरच्या एका कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे. हवेवरच्या एका प्रकल्पासाठी त्यांना सहायक हवा होता आणि मी मुलाखतीला कुर्डुवाडीहून आले होते. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, मी नुकतीच एम.एस्सी. झालेली. नोकरी मिळेल या भरवशावर त्याच आठवड्यात खोलीही बघत होते. पहिल्या घरी बाईंनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्यात वशाट चालत नाही." मी म्हटलं, खोलीत काही शिजवणार नाही, डबा लावणार आहे. तेव्हा त्यांना आठवलं की खोली भाच्याला देऊ केली आहे. दुसऱ्या घरीही आडनावानंतर खाणं आणि खाण्यानंतर भाचा. त्या आठवड्यात सोलापुरात फार भाचे येणार होते. आम्ही बौद्ध. असल्या बोलण्याचा अर्थ आमच्या वस्तीत लहान पोरालाही कळतो.

तर अशा मनानं मी सरांसमोर बसले. माझा अर्ज त्यांच्या पुढ्यात होता. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, इस्त्री नसलेला पांढरा शर्ट घातलेला माणूस.

"कुठून आलात?"

"कुर्डुवाडी."

"तसं नाही. आत्ता. स्टँडवरून कुठल्या रस्त्यानं आलात?"

मी रस्ता सांगितला. वाटेत मासळीबाजार लागला का, नाल्यावरून आलात का, रिक्षा उघडी होती का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग मान तिरकी झाली.

"मासे खाता? सुकट, बोंबील?"

मला वाटलं, आता इथंही भाचा येणार. मी म्हटलं, "खाते."

"रोज?"

"रविवारी."

"मग सोमवारी मशीनपासून लांब उभं राहायचं," ते म्हणाले आणि अर्जावर सही केली.

मी नोकरी घेतली. गरज होतीच, पण रागही होता. हा माणूस मला किती लांब उभं करतो ते तरी बघू, असं मनाशी म्हटलं. राहायला एका परिचारिकेच्या घरी माडीवरची खोली मिळाली. तिनं आडनाव विचारलं नाही. पुढं कळलं, तिलाही आधी बऱ्याच घरांतून असेच भाचे भेटले होते.

पहिले काही महिने सर हवेवर पाळत ठेवून होते आणि मी सरांवर. ते कुणाला काय विचारतात, कुणाला विचारत नाहीत, विचारताना आवाज बदलतो का, हे मी बघत राहिले. कपाळाला विभूती लावलेले एक स्वामीजी आशीर्वाद द्यायला प्रयोगशाळेत आले, तर सरांनी त्यांनाही दारात थांबवून विचारलं, "काल काय जेवलात?" स्वामीजींना वाटलं, प्रसादाबद्दल विचारतात. त्यांनी गव्हाच्या खिरीचं, हुग्गीचं, वर्णन सुरू केलं. सर मन लावून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चालेल. पण अत्तर लावलंय. आत नको." संस्थेचे एक पदाधिकारी केसांना सुवासिक तेल लावून आले, तेही जिन्यातूनच परत गेले. माझ्या मनातला काटा कधी सरांच्या बाजूला झुके, कधी विरुद्ध. काही नक्की होत नव्हतं.

ते सगळं कशासाठी, हे सर नवीन माणसाला एकदाच सांगायचे. हवेत तरंगणारे बारीक कण आपण धूळ किंवा धूर म्हणून ओळखतो. पण कितीतरी कण कुठून उडून येत नाहीत, ते हवेतच जन्मतात. गंधक जाळलं की शेवटी हवेत गंधकाम्लाची वाफ होते. तिचे रेणू एकमेकांना चिकटायला बघतात, पण ती पकड टिकत नाही, लगेच सुटतात. तिथं अमाइन लागतं. अमोनियाच्या घरातलीच ही वायूंची जात. सुक्या मासळीचा वास, गोठ्याचा वास, सांडपाण्याचा वास, त्यात अमाइन असतंच. ते इतकं थोडं असतं की साध्या यंत्राला दिसतही नाही, पण तेवढ्यानंही गंधकाम्लाचे रेणू घट्ट धरले जातात. मग कण वाढतो, हवा धुकट करतो, छातीत जातो, कधी ढगातल्या थेंबाचं बी होतो.

सर साखर पेठेतल्या पद्मशाली घरातले. वडिलांचा चादरींचा माग होता. ते म्हणायचे, "कच्चं सूत मागावर चढवलं की तुटतं. खळ लावली की टिकतं. अमाइन म्हणजे हवेची खळ हाय बघा." एरवी शुद्ध बोलणारे सर असल्या वाक्याला नेमके घरच्या बोलीवर यायचे.

पुण्याच्या एका संस्थेनं दोन हंगामांसाठी त्यांना एक महागडं मशीन वापरायला दिलं होतं. कॉलेजच्या गच्चीवर पत्र्याची खोली, खोलीत मशीन, आणि भिंतीतून बाहेर काढलेली एक नळी. नळीतून हवा आत जायची आणि त्या हवेत अमाइन किती, ते पडद्यावर उमटायचं. मशीन इतकं तिखट नाकाचं की जवळून माणूस गेला तरी रेघ उठायची. म्हणून सर सगळ्या जगावर संशय घ्यायचे. गच्चीवर कबुतरं बसली की त्यांना वाटायचं, कुणीतरी मुद्दाम दाणे टाकतंय. शेजारच्या वाड्यात एक म्हैस आणली, तर सर तिच्या मालकाकडे जाऊन ती कधी घेतली, का घेतली आणि कधी विकणार, हे विचारून आले. झाडलोट करणाऱ्या बाईंनी फिनेल वापरलं तर दिवसभराचे आकडे ते बाद करायचे.

गच्चीची किल्ली शिपाई मामांकडे असायची. मामा करकंबकडचे. सरांच्या धाकानं त्यांनी तंबाखू सोडली होती.

"मामा, वास येतोय."

"कुटला येतोय सर? मी सोडली की. पोराची आन."

"सुटली ती आत्ता, का सकाळी?"

मामा माझ्याकडे बघायचे आणि मान हलवून जिना उतरायचे. खाली गेल्यावर म्हणायचे, "लई वंगाळ नाक हाय या मानसाचं."

कुणी काही सांगितलं की सरांचं एक ठरलेलं उत्तर होतं. "बघितलं, का वाटलं?" आज ढग येतील, असं म्हटलं की, बघितलं का वाटलं. परीक्षेचं वेळापत्रक बदललंय म्हणे, बघितलं का वाटलं. सुरुवातीला मला ते उर्मट वाटायचं. नंतर माझ्याही तोंडी बसलं. कुर्डुवाडीला गेले की आई वैतागायची.

या सगळ्यात सरांनी एका माणसाला मात्र संशयातून सूट दिली होती. स्वतःला. मशीन आल्यापासून त्यांनी घरचं रविवारचं मटण बंद केलं होतं, मासे बंद केले होते, साबण सोडून डाळीच्या पिठानं अंघोळ करायचे. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तीही लसणाशिवाय. पहिल्या हंगामात त्यांनी नळीपाशी तोंड नेऊन श्वास सोडून बघितला होता आणि रेघ जेमतेम हलली होती. तेव्हापासून ते स्वतःला शून्य समजायचे. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती रोज सकाळी पुसावी लागते. ते काम सरांनी कुणालाच दिलं नाही. "मी स्वच्छ हाय," म्हणायचे. त्यात गर्व नव्हता. बाटलीवर चिठ्ठी लावावी तसं ते सांगायचे.

दुसरा हंगाम सुरू झाला आणि पडद्यावर रेघा चढू लागल्या. सकाळ झाली की अमाइन वाढायचं, ऊन वर आलं की शेजारच्या, कण मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्रात नव्या कणांचा लोंढा दिसायचा. सर ज्याच्या मागं इतकी वर्षं होते, ते डोळ्यांसमोर येत होतं. त्यांनी निबंध लिहायला घेतला, तो एका परिषदेकडे पाठवलाही. विभागप्रमुख पेढे वाटायच्या बेतात होते. पण सर दिवसेंदिवस गप्प होत गेले.

"इतकं चांगलं दिसतंय," एक दिवस ते मला म्हणाले, "म्हणजे कुठंतरी घाण हाय."

मग शोध सुरू झाला. म्हैस तर विकलेली. नाल्याकडचा वारा नसतानाही रेघ तशीच. मामांचे खिसे तपासले. मशीनला लागणाऱ्या वायूचा सिलिंडर बदलला. सर चिडचिडे होत चालले होते. चहाला लोखंडाची चव येते म्हणून त्यांनी टपरीवाल्यावर दूध बदलल्याचा आळ घेतला. पाण्यात काहीतरी मिसळलंय, अंग खाजतंय, म्हणून टाकीचं पाणी तपासायला लावलं. चप्पल आखडली म्हणून चांभाराशी भांडले. आम्ही सगळे ते सरांचं विचित्रपण म्हणून सोडून देत होतो.

त्याच दिवसांत एका बैठकीत विभागप्रमुख माझ्याकडे न बघता म्हणाले, "डब्याचंही बघा एकदा. कुणाकुणाच्या डब्यात काय काय असतं. आपण कुणाला बोलत नाही, पण मशीनला कळतं ना."

खोलीत आम्ही चौघंच होतो. मामांनी जमिनीकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं. म्हटलं, आज कळेल.

सर म्हणाले, "डबा नको. माणूसच बघू. उद्या सकाळी नळीपाशी उभं राहून श्वास सोडायचा."

"मॅडमना सांगताय ना?" विभागप्रमुख म्हणाले.

मी म्हटलं, "मी उभी राहीन. पण सगळे राहिले तर."

"अर्थात सगळे," सर म्हणाले. त्यांना माझ्या बोलण्यातला काटा कळलाच नाही, किंवा कळूनही त्यांनी दाखवलं नाही. "तुलना नको का करायला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर रांग लावली. विभागप्रमुख पहिले. रेघ थोडी उठली, खाली आली. मामा गेले, थोडी जास्त उठली, आणि तंबाखू पूर्ण सुटली नव्हती हे तेव्हा सिद्ध झालं. मी गेले. आदल्या रात्री मुद्दाम सुकटीचं कालवण खाल्लं होतं. रेघ विभागप्रमुखांच्या रेघेपेक्षा जराशी वर गेली आणि बसली. सकाळच्या त्या मोठ्या चढापुढं ती काहीच नव्हती. मग सर नेहमीच्या ऐटीत पुढं झाले, शून्य दाखवायला. नळीत श्वास सोडला.

रेघ पडद्याच्या वर निघून गेली. आणि खाली यायलाच तयार नव्हती. अमाइन नळीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतं आणि तासन्‌तास सुटत राहतं, हे आम्हाला माहीत होतं. रोज सकाळी दिसायचा तोच हा चढ होता, तसाच्या तसा.

सरांनी नळी बदलली आणि पुन्हा श्वास सोडला. तेच. मग म्हणाले, "मशीन बिघडलंय." पुण्याला फोन लावला. तिथून माणूस आला, दिवसभर तपासून गेला. मशीन ठणठणीत होतं.

त्या दुपारपासून मी वाचत बसले. असल्याच मशीननं डॉक्टर लोक श्वास तपासून बघतात, हे ऐकून होते. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की जी घाण लघवीतून जायला हवी ती रक्तात साठते, आणि त्यातलीच अमाइन्स श्वासातून बाहेर पडतात. तोंडाला धातूची चव, अंगाला खाज, पायांना सूज. वाचता वाचता मला टपरीवाला आठवला, टाकी आठवली, चांभार आठवला.

मी सरांकडे गेले आणि सरळ सांगितलं. ते ऐकून घेताना हाताची बोटं खाजवत होते.

"बघितलं, का वाटलं?"

"वाटलं," मी म्हटलं. "बघायचं तर रक्त लागेल."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. ती नजर मी इतरांवर पडलेली पाहिली होती, माझ्यावर पहिल्यांदाच आली. मग शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी नळीला काय लावलं होतं तुम्ही?"

"काही नाही."

"विभागप्रमुख बोलले त्याचा राग होता तुम्हाला. माझाही असेल. पहिल्या दिवसापासून बघतोय मी."

म्हणजे मी पाळत ठेवली होती, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मामांनी मला गच्चीची किल्ली दिली नाही. "सर नको म्हनलेत," एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी नोकरी सोडून कुर्डुवाडीला जायचं ठरवलं होतं. पिशवीही भरली. पण सरांचे सुजलेले पाय डोळ्यांपुढून जाईनात. आपण गेलो आणि या माणसाला काही झालं, तर आपल्याला वाटलं होतं असं म्हणून भागणार नव्हतं. संध्याकाळी मी विचारत विचारत साखर पेठेत सरांच्या घरी गेले. सर कॉलेजातच होते. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही तेच म्हटलं. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळं अक्का मोठ्यानं बोलायच्या.

"कोण तुम्ही? त्या मशीनवाल्या? या की आत. तुमच्या मशीननं माझ्या घरात मासळीचं नाव काढायची चोरी केलीय. माहेरी गेले तरच मिळतं मला. परत आले की हे दारात थांबवून हात हुंगतात. लग्नाच्या बायकोचे."

मी हसले, आणि हसता हसता छातीवरचं संशयाचं ओझं हललं. सगळं नाही, थोडंसं.

मग मी त्यांना सांगितलं. अक्कांचा चेहरा उतरत गेला. "रात्रभर खाजवालेत," त्या म्हणाल्या. "जेवण अर्धं टाकून उठालेत. मी म्हणते दवाखान्यात चला, तर म्हणतात, डॉक्टरनं बघितलंय का त्याला वाटलंय. काय बोलायचं असल्या माणसाला?"

शेवटी अक्कांनीच युक्ती काढली. त्यांनी सरांना दवाखान्यात चला म्हटलं नाही. म्हणाल्या, "त्या पोरीवर संशय आहे ना तुमचा? मग खोटी पाडा तिला. रक्त द्या." हे सरांना पटलं. पण एका प्रयोगशाळेवर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी एकाच सकाळी शहराच्या दोन टोकांच्या दोन ठिकाणी रक्त दिलं, एकाला दुसऱ्याचं कळू न देता.

दोन दिवसांनी ते माझ्या खोलीच्या जिन्याखाली उभे होते. हातात दोन पाकिटं. वर आले नाहीत. मी खाली गेले.

"जुळतंय," सर म्हणाले. आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली.

मूत्रपिंडं बरीचशी गेलेली होती. आणखी थोडे दिवस काढले असते तर कधीही काही झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सरांना भरती केलं, डायलिसिस सुरू झालं. मी भेटायला गेले तेव्हा ते पाठीला उशी घेऊन बसले होते आणि नर्सनं हाताला चोळलेलं कसलं औषध आहे याची चौकशी चालली होती. मला बघून म्हणाले, "तो निबंध मागं घ्यायचाय. लिहा, मी सांगतो."

विभागप्रमुखही तिथंच होते. ते म्हणाले, "घाई कशाला? कुणी विचारलंय का आपल्याला?"

"मी विचारतोय," सर म्हणाले. "रोज सकाळी मी नळीवर श्वास सोडला आणि तो सोलापूरच्या हवेचा म्हणून मोजला. कण झाले असतील. खळ कुणाची होती, कसं सांगणार?"

त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. इतक्या वर्षांचं काम चार ओळींत परत आलं. विभागप्रमुख निघून गेले. मग खोलीत आम्ही दोघंच उरलो आणि मी इतके महिने पोटात ठेवलेलं विचारलं.

"सर, पहिल्या दिवशी मला मासे खाता का विचारलंत, ते मशीनसाठीच ना?"



"अर्जावर आडनाव होतं. मी वाचलं होतं," ते म्हणाले. "प्रश्न मशीनसाठीच होता, असं मला वाटतं."

"वाटतं?"

"ते बघता येत नाही ना. आदल्या दिवशी एक मुलगा आला होता. त्याला मी, काल काय जेवलात, एवढंच विचारलं. तुम्हाला सरळ सुकट-बोंबील म्हणालो. का, ते मला सांगता येत नाही. तुम्ही संशय धरलात, त्यात चूक नव्हती."

त्यांनी हो म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, आणि नाही म्हटलं असतं तर उठून गेले असते. या उत्तराचं काय करायचं, ते मला कळेना. आजही पुरतं कळलेलं नाही. पण ज्या माणसानं स्वतःला सूट दिली होती त्यानं ती त्या दिवशी काढून घेतली, एवढं मी बघितलं. वाटलं नाही, बघितलं. मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी न हुंगता प्यायलं.

मशीन परत न्यायला पुण्याचे लोक यायला अजून काही आठवडे होते. सर म्हणाले, "तुम्ही चालवा. मी फोन करणार नाही. मी केला तर मला बरं वाटेल असंच तुम्ही काहीतरी सांगाल." आणि खरंच त्यांनी फोन केला नाही.

मी नळी नवी लावली. जाळी पुसताना तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला उभी राहायचे. मामांना जिन्याच्या वर येऊ दिलं नाही. ते खालूनच विचारायचे, "व्हय मॅडम, आता तुमीबी तसल्याच व्हनार का?" एका रविवारी पोटभर सुकट खाऊन सोमवारी नेहमीच्या जागी उभी राहिले. आकडा हलला नाही. अंतर पुरेसं होतं, माणूस कुठलाही असो.

पहिले बरेच दिवस पडद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. सकाळचा तो डोंगर नाहीसा झाला होता. मला दुःख व्हायला लागलं. वाटलं, सरांचं सगळंच त्यांच्या श्वासात होतं, हवेत काही नव्हतंच. मग वारा फिरला. नाल्याकडून, पलीकडच्या गोठ्यांवरून यायला लागला. एका सकाळी रेघ उठली. फार नाही, डोंगराच्या मानानं उंबरठ्याएवढी. आणि ऊन वर आल्यावर दुसऱ्या यंत्रात कणांचा लोंढा आला. वारा पुन्हा फिरला तर रेघ बसली आणि लोंढाही ओसरला. नंतर असं काही वेळा झालं. प्रत्येक वेळी मी आधी नळी तपासली, मग गच्ची, मग स्वतःला. मशीन पुण्याला गेलं त्या दिवशी मी सगळं एका आलेखात काढलं.

सर पुढं दोन वर्षं जगले. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस, उरलेले दिवस साखर पेठेत, दारातल्या खुर्चीवर. कॉलेजात ते परत आले नाहीत. ते गेले तेव्हा गल्लीतले माग दुपारपर्यंत बंद होते. मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या तोंडात तंबाखू नव्हती.

पण मला सर आठवतात ते मी आलेख घेऊन गेले त्या दुपारचे. ते खुर्चीत बसले होते, अक्का आत भाजी निवडत होत्या. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांपाशी नेला.

"जाळी कोण पुसत होतं?"

"मी. मास्क लावून."

"मामा?"

"वर आलेच नाहीत."

"वारा कुठला, ते बघितलं, का वाटलं?"

"बघितलं. खाली लिहिलंय."

ते एकेका सकाळवर बोट ठेवत गेले. जिथं रेघ उठली होती तिथं थांबायचे, मग खाली कणांच्या रेघेवर यायचे, मग पुढची सकाळ. शेवटच्या सकाळपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी वाट बघत होते की आता कुठंतरी खोट काढतील. त्यांनी काढली नाही. कागद मांडीवर ठेवला आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्याशिवायही होतंय की."

अक्कांनी आतून मोठ्यानं विचारलं, "काय होतंय?"

"कण होतायत," सर म्हणाले. "हवेत. आपापले."